पार्कमधलं मोबाइल होम विकताना मेलबॉक्सच्या किल्ल्या

विषय: मोबाइल होम विक्री, मेलबॉक्सची किल्ली

नमस्कार मंडळी,
सॅन होजेच्या एका पार्कमधलं मोबाइल होम (पार्कच्या भाड्याच्या जागेवरचं आमचं घर) विकायला काढलंय. पार्कने खरेदीदाराला मंजुरी दिली आहे, एस्क्रो (व्यवहाराचे पैसे आणि कागद सांभाळणारा तिसरा पक्ष) पुढच्या महिन्यात बंद होईल, म्हणजे विक्री पूर्ण होईल. मेलबॉक्सची एकच किल्ली हातात आहे. पार्कचं ऑफिस म्हणतं पोस्टात जा, पोस्ट म्हणतं ऑफिसला विचारा. हे काम नक्की कोणाचं? आणि किल्ली द्यायची कधी?
– फ्रीमाँटहून

---

उत्तर: मोबाइल होम विक्री, मेलबॉक्सची किल्ली

ताई,
पेटी कोणाच्या मालकीची हे आधी कळायला हवं, बाकी सगळं त्यावर ठरतं. घर तुमचं, जागा पार्कची, आणि पेटीतला कप्पा जातो जागेबरोबर, म्हणजे स्पेस नंबरबरोबर. एचसीडीच्या (कॅलिफोर्नियाच्या गृहनिर्माण खात्याच्या) टायटलमध्ये, म्हणजे घराच्या मालकीच्या कागदात, त्याचा उल्लेख नसतो. त्यामुळे किल्ल्या कोणी, किती, कधी द्यायच्या हे एस्क्रोच्या सूचनांत वेगळं लिहून घ्यावं लागतं.

पोस्टात ‘किल्ली हवी’ म्हणालात तर ते ऑफिसकडेच बोट दाखवणार. ‘ह्या पत्त्याची क्लस्टर पेटी (अनेक घरांचे कप्पे असलेली एकत्र पेटी) टपाल खात्याची की खासगी?’ असं विचारा, आणि शक्यतो तुमच्या रूटच्या पोस्टमनलाच विचारा, त्याला माहीत असतं. दारावर ‘यू.एस. मेल’ लिहिलंय म्हणून पेटी खात्याची, असं धरू नका. खासगी पेट्यांवरही तेच लिहिलेलं असतं.

पेटी खात्याची असेल तर जुन्या किल्लीची नक्कल मिळत नाही. ते शुल्क घेऊन कुलूपच बदलतात आणि नव्या कुलपाच्या किल्ल्या देतात. हा अर्ज खरेदीदाराने करावा, सोबत फोटो ओळखपत्र आणि पार्कशी सही झालेला भाडेकरार जोडून. कॅलिफोर्नियात हा करार झाल्याशिवाय खरेदीदाराला पार्कमध्ये राहण्याचा हक्कच मिळत नाही (सिव्हिल कोड 798.75), म्हणजे तो कागद तसाही लागणारच आहे. पेटी पार्कची असेल तर कुलपाची जबाबदारी पार्कची. तोंडी विचारू नका, मॅनेजरला ईमेल करा.

किल्ली द्यायची ताबा देण्याच्या दिवशी, आधी नाही. सकाळी कप्पा रिकामा करा, किल्ली द्या, आणि किती किल्ल्या दिल्या त्याची सही घ्या. कप्प्यात कधीकधी नंबर लावलेली एक जास्तीची किल्ली सापडते. ती पार्सल लॉकरची. लॉकर उघडून पार्सल काढून घ्या, किल्ली कुलपातच राहू द्या. ती जुडग्यात घालून खरेदीदाराला दिलीत तर पोस्टमन वैतागेल.
– सनीव्हेलहून

---

उत्तर: उत्तर: मोबाइल होम विक्री, मेलबॉक्सची किल्ली

कुलपाबद्दल थोडी भर. एक किल्ली आहे ना, मग ती जपा. एक किल्ली असली की दार उघडून आतून कुलूप काढता येतं. एकही नसेल तर दोनच वाटा उरतात. पोस्टमन टपाल टाकताना पेटीचा मोठा दरवाजा उघडतो, तेव्हा त्याच्या समोर कुलूप काढायचं, नाहीतर ते ड्रिल करायचं. मोठ्या दरवाज्याची किल्ली फक्त टपाल खात्याकडे असते, मॅनेजरकडे ती असूच शकत नाही.

पेटी पार्कची असेल आणि ऑफिस ‘तुम्हीच बदला’ म्हणालं तर नव्या पेट्यांना ‘यूएसपीएस-एल-1172सी’ प्रकारचं कुलूप लागतं, सोबत सहसा तीन किल्ल्या येतात. जुन्या पेट्यांचं कुलूप वेगळं असू शकतं, म्हणून आधी दार उघडून फोटो काढा: मागची पट्टी किती लांब आहे, वाकलेली आहे की सरळ, कुलूप बंद असताना तिचं टोक कुठे असतं. पट्टीचा नट सोडवा, कुलूप धरून ठेवणारी क्लिप ओढा, कुलूप पुढून बाहेर येतं. नवं बसवलं की दार उघडंच ठेवून किल्ली दोनतीनदा फिरवून बघा. पट्टी उलटी बसली असेल आणि तुम्ही दार लावलंत, तर मग पोस्टमनची वाट बघा. किल्ली अडत असेल तर ग्राफाइटची पूड टाका. तेल नको, त्यावर धूळ बसते आणि महिन्याभरात कुलूप आणखी घट्ट होतं.

आता पत्ताबदल. पोस्टाच्या फॉर्मवर ‘कुटुंब’ निवडलं की एकाच आडनावाची माणसं त्यात येतात. आपल्याकडे बायकोने माहेरचं नाव ठेवलेलं, घरात तिचे आईवडील, म्हणजे एका घरात दोन आडनावं हमखास. प्रत्येक आडनावाचा वेगळा अर्ज करा, नाहीतर सासऱ्यांचं टपाल नव्या मालकाच्या कप्प्यात पडत राहील. फर्स्ट क्लास टपाल 12 महिने पुढे येतं, मासिकं 60 दिवस, जाहिराती येतच नाहीत. ‘रिटर्न सर्व्हिस रिक्वेस्टेड’ छापलेली पाकिटंही पुढे येत नाहीत, परत जातात. तेव्हा बँका आणि कार्डं स्वतंत्रपणे कळवा. अर्जाची खातरजमा करणारं एक पत्र जुन्या पत्त्यावर येतं, ते खरेदीदाराला आधीच सांगून ठेवा.

खरेदीदाराने पहिल्याच दिवशी घरातल्या सगळ्या आडनावांची चिठ्ठी कप्प्यात आतून लावावी. घर मध्ये रिकामं राहिलं असेल तर पोस्टमनने कप्प्यात ‘व्हेकंट’चं कार्ड टाकलेलं असतं, आणि मग एचसीडीकडून येणारं नवं टायटल आणि नोंदणीही परत जाऊ शकते. माझ्या मते किल्लीपेक्षा ह्या चिठ्ठीवाचून लोकांचं जास्त अडतं.
– मिल्पिटसहून

---

उत्तर: उत्तर: उत्तर: मोबाइल होम विक्री, मेलबॉक्सची किल्ली

दोघांचे आभार. आम्ही ताब्याच्या आधीच टेक्सासला जातोय. किल्ली पाकिटात घालून पाठवली तर चालेल?

---

उत्तर: उत्तर: उत्तर: उत्तर: मोबाइल होम विक्री, मेलबॉक्सची किल्ली

साध्या पाकिटात नको, छाननीच्या यंत्रात पाकीट फाटून किल्ली बाहेर पडते. जाड पुठ्ठ्याला टेपने चिकटवा, पॅडेड पाकिटात घाला आणि ट्रॅकिंगसह पार्सल म्हणून एस्क्रो ऑफिसला पाठवा. ते किल्ल्या ठेवतात का, हे आधी फोन करून विचारा. जायच्या आधी शेजाऱ्याकडे देणार असाल तर हातात द्या. त्याच्या मेलबॉक्समध्ये टाकू नका, तिकीट न लावलेली वस्तू टपालपेटीत टाकायला फेडरल कायद्याने मनाई आहे. आणि पाकिटावर स्पेस नंबर लिहू नका.
– सनीव्हेलहून