लेकराच्या हाडात दाताचा कोंबच नाही. जपानच्या औषधाची वाट बघावी का?

गोदाकाठ (परभणी):
पोरगा १२ वर्षांचा. खालची डावी दुधाची दाढ पडंना म्हणून एक्स-रे काढला. डॉक्टरांनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. उजवीकडं दाढेखाली पक्क्या दाताचा कोंब स्पष्ट दिसतो, डावीकडं नुसतं हाड. एका दवाखान्यात म्हणाले, दाढ काढा, नंतर इम्प्लांट (हाडात बसवायचा कृत्रिम दात) बसवू. भाऊ म्हणतो जपानात दात उगवायचं औषध निघालंय, थांबा. दाढ जरासुद्धा हलत नाही, परवा हुरडा त्याच दाढेनं चावत होता. काय करावं?

शिवारातला:
माझी बहीण चाळिशीची आहे. तिच्या दुधाच्या दाढेखालीही कोंब नव्हता, कुणी काढली नाही. आजही ज्वारीची कडक भाकर त्याच दाढेनं खाते.

दातांची डॉक्टर (लातूर):
दादा, घट्ट दाढ घाईनं काढू देऊ नका, कळकळीनं सांगते. मुळं शाबूत असली तर ती कित्येक वर्षं टिकते. इम्प्लांट तर जबड्याची वाढ थांबल्यावरच बसवायचा. तो हाडाला घट्ट धरतो, जबडा वाढतो तसे बाकीचे दात सरकतात, हा मात्र खालीच राहतो.

भाऊ म्हणतात ते खोटं नाही. यूसॅग-१ नावाचं प्रथिन दाताची वाढ रोखून धरतं. जपानी संशोधक कात्सु ताकाहाशींच्या गटानं त्याला अडवणारी अँटिबॉडी उंदरांना आणि फेरेटना (मुंगसासारखा छोटा प्राणी) दिली, जास्तीचे दात आले. हे २०२१ साली छापून आलं. फेरेटलाही आपल्यासारखेच दुधाचे आणि पक्के असे दोनदा दात येतात, म्हणून मला त्यात जास्त रस वाटला. २०२४ मध्ये क्योटो विद्यापीठाच्या रुग्णालयात माणसांवर चाचणी सुरू झाली: ३० ते ६४ वयाचे ३० पुरुष. त्यात आधी बघायचं ते औषध सुरक्षित आहे का. त्यानंतर जन्मतः चार किंवा जास्त दात नसलेली दोन ते सात वर्षांची मुलं घ्यायचं ठरवलंय. तुमचं लेकरू त्यात बसत नाही. त्या आशेवर उपचार अडवू नका.

दरवर्षी दाखवा. दाढ शेजारच्या दातांपेक्षा खाली बसत चालली तर ती हाडाला चिकटलेली असू शकते, तेव्हा मात्र उशीर नको. दोन जेवणांच्या मध्ये गोळ्या-चॉकलेट बंद करा, कीड लागली तर ही दाढ गेली.

गोदाकाठ:
ताई, फिल्म परत पाहिली. दोन्ही मुळं लांब दिसतात. सोमवारी काढायची ठरली होती, फोन करून नको म्हणून सांगितलं.