मदत हवी आहे: झोपतानाचा शेमा मराठीतून

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, मूळचे अलिबागकडचे. आजी रात्री दिवा मालवायच्या आधी उजवा हात डोळ्यांवर ठेवून 'शेमा इस्राएल' ही आमची ज्यूंची प्रार्थना म्हणायची. त्याआधी आम्हा नातवंडांना विचारायची, "आज कुणावर राग धरलायस? सोडून दे, मग झोप." खूप वर्षांनी कळलं, ही तिची स्वतःची रीत नव्हती. झोपतानाच्या शेमाची सुरुवातच मुळी ज्यांनी आपल्याला दुखावलं त्यांना माफ करण्यानं होते. दिवसभराच्या या झाडाझडतीला हिब्रूत 'हेशबोन हनेफेश' म्हणतात, म्हणजे जिवाचा हिशोब. शब्दसुद्धा आपल्या हिशोबाच्या नात्यातला!

आता माझी मुलगी सात वर्षांची आहे. हिब्रू ती पाठ म्हणते, पण माफीचा भाग तिच्यापर्यंत पोहोचत नाही. शाळेतल्या मैत्रिणीशी भांडून आली की रात्री उशीत तोंड खुपसून पडते.

तुमच्या घरी हा भाग कुणी मराठीत म्हणतं का? आजी-आजोबांच्या तोंडचे शब्द, जुन्या वहीतलं पान, काहीही चालेल. एलुल या हिब्रू महिन्यापासून, म्हणजे रोश हशानाच्या (आमच्या नववर्षाच्या) आधी, रोज म्हणायला सुरुवात करायची आहे. आणि मुलांना कितव्या वर्षापासून सांगितलंत, तेही लिहा.