पाठ असलेला सिनेमा, पुन्हा तिकीट काढून: तुमचे अनुभव लिहा

मंडळी, डिसेंबरात ‘शोले’ पुन्हा लागला तेव्हा बाबांना घेऊन गेले. वय ७१, दोन्ही गुडघे कुरकुरतात, पण तिकिटं काढलीत म्हटल्यावर इस्त्रीचा शर्ट घालून तासभर आधीच दारात उभे. १९७५ साली ते गिरगावात मामाकडे राहून अप्रेंटिसशिप करत होते. लॅमिंग्टन रोडवरच्या मिनर्व्हाला सत्तर एमएमचा शोले त्यांनी किती वेळा पाहिला, तो आकडा दरवेळी वाढतो. आम्ही भावंडं लहानपणापासून एक गोष्ट ऐकत आलोय: जय नाणं उडवतो तेव्हा त्याचा आवाज थेटरात असा फिरायचा, की लोक वाकून खुर्चीखाली बघायचे. आम्हाला ही शुद्ध थाप वाटायची. घरच्या टीव्हीवर ते नाणं नुसतं टण्ण करतं आणि संपतं.

तो प्रसंग आला तेव्हा सहज बाजूला पाहिलं, तर बाबांचं पडद्याकडे लक्षच नाही. ते माझ्याकडे बघत होते. मला ऐकू आलं का, एवढंच त्यांना बघायचं होतं. आलं. खुर्चीखाली नाही बघितलं, पण मान वळली.

शेवटी मात्र घोटाळा झाला. या नव्याने दुरुस्त केलेल्या प्रतीत मूळ शेवट परत आलाय, जो आणीबाणीच्या काळात सेन्सॉरने बदलायला लावला होता. पोलीस येत नाहीत, ठाकूर गब्बरला संपवतो. बाबा पार्किंगपर्यंत गप्प. गाडीत बसल्यावर म्हणाले, “पन्नास वर्षं पोलीस वेळेवर येत होते. आजच काय झालं त्यांना?”

तर तुम्हीही लिहा. मोबाइलवर फुकट दिसणारा सिनेमा पैसे मोजून पुन्हा थेटरात पाहिलात, तेव्हा काय झालं? सिनेमाची गोष्ट नको, ती सगळ्यांना पाठ आहे. थेटरातलं सांगा.

ऑपरेटरची लेक

माझे वडील तालुक्याच्या गावी टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. कार्बनच्या कांड्या जाळून उजेड पाडायचा तो काळ. दोन मशिनं शेजारी शेजारी. एकावरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात काळसर ठिपका यायचा. पहिला ठिपका आला की दुसरं मशीन चालू करायचं, दुसरा आला की इकडचा उजेड बंद, तिकडचा चालू. पब्लिकला पत्ता लागता कामा नये. लागला तर शिव्या, त्याही आईवरून. आम्ही जेवायला बसलो की आई म्हणायची, “सावकाश जेवा, तुम्हाला ठिपका नाही आलाय.”

२०१६ साली ‘पिंजरा’ दुरुस्त करून पुन्हा लावला, तेव्हा त्यांना कोल्हापूरला घेऊन गेले. अण्णांनी हा सिनेमा किती आठवडे चालवला असेल, पण सलग बसून कधीच बघितलेला नव्हता. केबिनच्या भोकातून तुकड्या-तुकड्यांत बघितलेला. मी त्यांच्या हाताकडे बघत होते. दर वीस मिनिटांनी त्यांचा उजवा हात गुडघ्यावरून उचलला जायचा आणि परत खाली यायचा. मध्यंतरात मला म्हणाले, “ठिपका येईना गं.” मी सांगितलं, आता रीळच नसतं, सगळं एका डबीतून येतं. मान हलवली, पण पटलेलं नव्हतं. खेळ सुटल्यावर लोक पुढे बाहेर निघाले आणि हे मागे वळून केबिनच्या काचेकडे बघत उभे. आत कुणीच नव्हतं.

डॉ. लागू भाकरीसाठी हात पसरतात तो शेवटाकडचा भाग त्यांनी पहिल्यांदा पूर्ण पाहिला. तिथं रीळ बदलायचं असायचं, म्हणाले.

सहावीतला

वरचं वाचून लिहावं की नको असं झालं, पण लिहितो.

‘सैराट’ आला तेव्हा मी सहावीत. घरच्यांनी थेटरला नेलं नाही, मामाच्या मोबाइलवर चोरून बघितला, तोही अर्धा आडवा धरून. २०२५ च्या मार्चमध्ये परत लागला तेव्हा आम्ही हॉस्टेलचे अकरा जण गेलो. आर्ची बुलेटवरून आली तेव्हा एवढ्या शिट्ट्या, की पुढचं वाक्य कुणालाच ऐकू आलं नाही आणि कुणाचं अडलंही नाही. झिंगाटला तर सगळे पडद्यासमोर. डोअरकीपर आधी ओरडला, मग मोबाइल काढून शूटिंग करायला लागला.

सांगायचंय ते पुढचं. हैदराबादचा भाग संपत आला, घर लागलं, पोरगं झालं, तशी आमच्या पुढच्या रांगेतली चार-पाच पोरं उठली. हेल्मेट घेतली आणि निघाली. मला वाटलं कंटाळली. मग मागून अजून एक जोडपं उठलं. बाई म्हणाली, “चल, आता नको.” मग डोक्यात प्रकाश पडला. त्यांना शेवट माहीत होता. नाचायला आलेले, तेवढं झालं, आता ते घर शाबूत असताना बाहेर पडायचं होतं.

आम्ही बसलो. शेवटी आवाज बंद होतो ते मोबाइलवर मला कळलंच नव्हतं, हेडफोन निघाला असं वाटलं होतं. थेटरात तसं काही वाटायची सोय नाही. एवढ्या मोठ्या खोलीत एसीचा आवाज ऐकू यायला लागला. ज्याने सगळ्यात जास्त शिट्ट्या मारल्या होत्या तो आमचा मित्र दिवे लागले तरी बुटाची लेस बांधत बसला होता. त्याच्या पायात सँडल होती.

खेडवाला

खेड तालुका, जिल्हा रत्नागिरी. म्हणजे खऱ्या तुंबाडचा तालुका, जगबुडीकाठचं. पेंडशांची ‘तुंबाडचे खोत’ वाचलेल्यांना वेगळं सांगायला नको. सिनेमाशी आमचा संबंध नावापुरता, तरी ‘तुंबाड’ २०१८ ला लागला तेव्हा मोठ्या अभिमानाने मुंबईत पहिल्या आठवड्यात गेलो. थेटरात मोजून सात माणसं. त्यातली दोन झोपलेली.

सप्टेंबर २०२४ ला तोच सिनेमा, हाऊसफुल्ल. कडेची खुर्ची मिळाली. मधल्या सहा वर्षांत लोकांनी तो घरी बघितला, एकमेकांना सांगितला आणि मग मोठ्या पडद्यावर बघायला आले. पहिल्या खेपेपेक्षा दुसऱ्या खेपेला जास्त गल्ला जमला. असं क्वचितच होतं. आजीला साखळी घातलेली असते त्या प्रसंगाला शेजारच्या अनोळखी मुलीने माझा दंड धरला, दिवे लागल्यावर “सॉरी काका” म्हणाली. काका! २०१८ ला मला कुणी काका म्हणत नव्हतं.

सिनेमाभर पाऊस. बाहेर पडलो तर खराखुरा पाऊस. छत्री आतच राहिली होती.

कुरकुऱ्या

सगळं छान छान चाललंय, तर जरा मीठ टाकतो.

एका मल्टिप्लेक्सात (नाव घेत नाही) पन्नासच्या दशकातला सिनेमा लागला होता. त्या काळातला पडदा आजच्यासारखा लांबट नव्हता, जवळपास चौकोनी चित्र असायचं. दोन्ही बाजूंना काळी जागा सोडायची आणि चित्र आहे तसं दाखवायचं, यात काही रॉकेट सायन्स नाही. या महाभागांनी चित्र ताणून पडदाभर केलेलं. नायिका आडवी झाली, नायक बुटका, आणि क्लोजअपमध्ये सगळ्यांच्या कपाळाला कात्री. मी उठून मॅनेजरला गाठलं. तो शांतपणे म्हणाला, “सर, जुनाच पिक्चर आहे ना.” म्हणजे जुन्याला कपाळ नसतं.

आणि एक. पुन्हा लावण्यात सगळंच प्रेम नसतं हो. नवे सिनेमे कमी, शुक्रवार रिकामे, पडदे शेकड्यांनी. जुन्याला जाहिरातीचा खर्च नाही, गाणी लोकांना पाठ. म्हणून लागतात. चांगली प्रत करून लावा, मी रांगेत पहिला उभा राहीन. पण कुठल्या तरी फायलीवरून उचललेलं, चौकटी चौकटी दिसणारं चित्र मोठ्या पडद्यावर मारायचं आणि वर पॉपकॉर्नचे तिकिटापेक्षा जास्त पैसे, हे नाही चालणार.

दुपारची

कुरकुऱ्या, तुमच्या मॅनेजरला दोन शिव्या माझ्याकडूनही. पण कधी कधी नीट दाखवतात हो. ऑगस्ट २०२५ ला गुरुदत्तच्या शताब्दीनिमित्त त्याचे सिनेमे लागले होते. कामाच्या दिवशी अर्धी रजा टाकून एकटीच ‘प्यासा’ला गेले. चौदा माणसं. मी मोजली, कारण जाहिराती संपेचनात. त्याही कानठळ्या बसवणाऱ्या, चहूबाजूंनी. मग सिनेमा सुरू झाला आणि सगळा आवाज एकदम समोर, पडद्याच्या मधोमध गोळा झाला. एकाच ठिकाणाहून येणारा जुना आवाज. सुरुवातीला वाटलं काहीतरी बिघडलं. पाच मिनिटांत कान तिकडे वळले आणि माणसं आपोआप शांत झाली.

घरी टीव्हीवर काळं म्हणजे राखाडी असतं. इथे काळं काळं होतं. नायक सभागृहाच्या दारात येऊन उभा राहतो, मागून उजेड, चेहरा दिसत नाही, तेव्हा दाराच्या चौकटीभोवतीचा अंधार आणि आमच्या थेटरातला अंधार एकच झाला. मधे फक्त तो हिरवा ‘एक्झिट’चा दिवा. कॅमेरामन व्ही. के. मूर्तींचं नाव आम्ही उगाच घेत नाही, हे त्या दिवशी डोळ्यांनी कळलं.

बाहेर चार वाजताचं लख्ख ऊन आणि ऑफिसच्या ग्रुपवर सतरा मेसेज.

एसटीचा प्रवासी

मुंबई सेंट्रलचा एसटी डेपो ज्यांना माहीत आहे त्यांना समोरचं मराठा मंदिर माहीत असणारच. ‘दिलवाले दुल्हनिया’ तिथे पुन्हा लागलेला नाही, तो १९९५ पासून गेलेलाच नाही (कोरोनाची सुटी सोडल्यास). परीक्षेसाठी मुंबईला आलो की परतीची गाडी दुपारची. सामान कुठे ठेवणार? तिकीट स्वस्त, आत गारवा. बॅग मांडीवर घेऊन तो सिनेमा मी पाच वेळा बघितलाय, पण शेवटची ट्रेन एकदाही नाही. माझी एसटी आधी सुटते.

पो नदीकाठचा

इटलीत मोदेनाजवळ नोकरीला आहे. वर धागाकर्तीने ज्या शोलेबद्दल लिहिलंय, त्याच प्रतीचा पहिला खेळ जून २०२५ मध्ये बोलोन्याला झाला. तिथे दरवर्षी जुन्या, दुरुस्त केलेल्या सिनेमांचा महोत्सव असतो आणि रात्री शहराच्या मुख्य चौकात, पियाझ्झा माजोरेत, भला मोठा पडदा लावतात. तिकीट नाही. खुर्च्या भरल्या की लोक चर्चच्या पायऱ्यांवर बसतात, आणि उरलेले जमिनीवर.

मी पायऱ्यांवर. आणि मला आठवली आमच्या गावची जत्रा. तंबूतला सिनेमा, खाली माती, बायका एका बाजूला. तंबूच्या बाहेरून, पडद्याच्या मागून फुकट बघणारी आम्ही पोरं, ज्यांना सगळे हिरो डावखुरे वाटायचे. इथे तीच गर्दी, फक्त भाषा इटालियन. सूरमा भोपालीला ते लोक सबटायटल वाचून हसत होते, म्हणजे अर्ध्या सेकंदाने उशिरा. मी आधी हसायचो, मग चौक हसायचा. दोन-तीनदा शेजारच्या म्हाताऱ्या बाईने माझ्याकडे वळून बघितलं. पुढे तिने युक्ती काढली, मी हसलो की ती लगेच पडद्यावर नजर रोखायची.

या प्रतीत अहमदच्या मरणाचा आधी कापलेला भागही आहे. अहमद म्हणजे आपला सचिन. ‘बनवाबनवी’ पाठ असलेल्या माणसाला तो मरताना बघून जे होतं ते सांगायला त्या अख्ख्या चौकात माझ्याजवळ कुणी नव्हतं. भावाला व्हॉइस मेसेज टाकला. भारतात पहाटेचे अडीच-तीन वाजले होते. त्याचं उत्तर: “कोण मेलं? नीट सांग.”

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. बाबांना अख्खा धागा वाचून दाखवला. ऑपरेटरची लेक, तुमच्या अण्णांचं दोनदा वाचायला लावलं. मिनर्व्हाला ठिपका त्यांना कधी दिसल्याचं आठवत नाही म्हणाले, “म्हणजे तिथला माणूस हुशार असणार.” ठिपका तर माणूस हुशार असला तरी येतोच, असं मी तुमच्या भरवशावर सांगितलं. बरोबर ना? त्यांना पटलेलं नाही.

आता त्यांनी नवीन शंका काढलीय. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे ७५ साली नाण्याचा आवाज डावीकडून उजवीकडे गेला होता आणि आम्ही पाहिला त्यात तो उलटा गेला. मी सांगितलं, तुम्ही माझ्याकडे तोंड करून बसला होतात, म्हणून तसं वाटलं. ऐकत नाहीत. मिनर्व्हाला पाहिलेलं कुणी इथे असेल तर कृपया लिहा. नसता परवाची आणखी दोन तिकिटं काढावी लागतील, आणि मला रजा नाही.