जुन्या मासिकांना 'मीडिया मेल' का चालत नाही?

जुनेअंक:
मी अमेरिकेत राहतो आणि १९५० ते १९७५ या काळातील छायाचित्रणविषयक मासिके ऑनलाइन विकतो. परवा बारा अंकांचा, सुमारे सात पौंड वजनाचा गठ्ठा घेऊन टपाल कार्यालयात गेलो आणि 'मीडिया मेल'चा, म्हणजे पुस्तके वगैरे पाठवण्यासाठीचा सवलतीचा दर मागितला. आत मासिके आहेत असे सांगताच, त्यांत जाहिराती असल्यामुळे हा दर लागू होणार नाही, असे उत्तर मिळाले. ज्या कॅमेऱ्यांचे उत्पादन बंद होऊन चाळीस वर्षे झाली, त्यांच्या जाहिरातीला आज जाहिरात कसे म्हणायचे? शिवाय अनेक विक्रेते असे गठ्ठे याच दराने सर्रास पाठवताना दिसतात. नियम नेमका काय आहे आणि सात पौंडांचा गठ्ठा पाठवण्याचा परवडणारा मार्ग कोणता, हे कोणी सांगू शकेल काय?

टपालवेडा:
काउंटरवर आपल्याला मिळालेले उत्तर बरोबर आहे. मीडिया मेलमध्ये पुस्तके, ध्वनिमुद्रणे, छापील स्वरलिपी, हस्तलिखिते अशा ठरावीक वस्तूच बसतात. पुस्तकासाठी अट अशी की, ते किमान आठ छापील पानांचे असावे, त्यात केवळ वाचनीय मजकूर असावा आणि इतर पुस्तकांच्या जुजबी सूचना वगळता कोणतीही जाहिरात नसावी. जाहिरातीचे वय किती असावे याविषयी नियमात अवाक्षर नाही. त्यामुळे १९५५ सालच्या कॅमेऱ्याची जाहिरात आणि या महिन्यातली जाहिरात टपाल खात्याच्या लेखी सारखीच ठरते. कॉमिक्सही बहुधा याच कारणाने अडतात.

इतर विक्रेते पाठवतात हे खरे आहे, पण त्याचा अर्थ त्यांची पाकिटे अजून उघडली गेली नाहीत एवढाच. या दराने पाठवलेले पार्सल तपासणीसाठी उघडण्याचा अधिकार टपाल खात्याकडे असतो. आत मासिके निघाली तर पार्सल परत येऊ शकते किंवा दरातला फरक ग्राहकाकडून वसूल होऊ शकतो. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत अशी एक वसुली माझ्या ग्राहकाला सोसावी लागली. चूक पूर्णपणे माझी होती आणि त्याने माझ्याविषयी जो अभिप्राय लिहिला, तो मला अजून पाठ आहे.

जुनेअंक:
नियम समजला, पण त्यामागचा तर्क अजून उमगत नाही. पुस्तकाला सवलत द्यायची आणि मासिकाला नाकारायची, हा दुजाभाव कशासाठी?

कागदपत्रे:
याचे उत्तर इतिहासात आहे. मासिकांना सवलत नाकारलेली नाही. त्यांची सवलत वेगळी आहे आणि ती पुस्तकांच्या आधीची आहे. १८७९ च्या कायद्याने टपालाचे चार वर्ग पाडले आणि दुसरा वर्ग नियतकालिकांसाठी ठेवला. मात्र तो दर मिळतो प्रकाशकाला आणि नोंदणीकृत वितरकाला. घरातला जुना अंक विकणाऱ्या माणसाचा त्यात विचारच नव्हता. पुढे १९१७ च्या युद्धकालीन महसूल कायद्याने या वर्गातही मजकूर आणि जाहिरात यांची फारकत केली आणि जाहिरातीच्या भागाला अंतरानुसार चढा दर लावला. पुस्तकांना खरा स्वस्त दर मिळाला तो राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या १९३८ सालच्या घोषणेने. तो पौंडाला दीड सेंट, अंतर कितीही असले तरी एकच होता आणि जाहिरात नसण्याची अट तेव्हापासूनची आहे. ज्ञानप्रसाराचा खर्च जनतेने थोडा उचलावा, पण व्यापाऱ्याच्या जाहिरातीचा उचलू नये, हे त्यामागचे धोरण होते. मला ते आजही पटते, जरी माझ्या खिशाला त्याची झळ बसत असली तरी.

टपालवेडा:
आता आपल्या सात पौंडांविषयी. 'ग्राउंड ॲडव्हांटेज' ही टपाल खात्याची साधी पार्सल सेवा जुलै २०२३ मध्ये सुरू झाली. तिचा दर सामान्यतः वजन आणि अंतर यांवर ठरतो. परंतु ऑनलाइन शुल्क भरून लेबल छापणाऱ्यांना त्यात घनफळावर आधारित दरही मिळू शकतो. पार्सल वीस पौंडांच्या आत आणि एक घनफुटापेक्षा मोठे नसेल, तर वजनाऐवजी आकारमान आणि अंतर एवढेच मोजले जाते. मासिके आकाराने लहान आणि वजनाने जड असल्यामुळे हा दर जणू त्यांच्यासाठीच केला आहे. आपले बारा अंक १२ × ९ × ४ इंचांच्या खोक्यात बसत असतील, तर ते ४३२ घनइंच, म्हणजे बरोबर पाव घनफूट होते. खोके अंकांना जितके घट्ट बसेल तितके पैसे वाचतील. याहून जड गठ्ठा दूरच्या राज्यात जाणार असेल, तर प्रायॉरिटी मेल या जलद सेवेच्या मध्यम आकाराच्या 'फ्लॅट रेट' (ठरावीक दराच्या) खोक्याशी तुलना करून पाहावी. ते खोके टपाल खाते विनामूल्य देते आणि सत्तर पौंडांपर्यंत दर बदलत नाही.

कागदपत्रे:
एकच अंक असल्यास तेरा औंसांपर्यंत तो मोठ्या पाकिटातून प्रथम वर्गाने, म्हणजे साध्या पत्रांच्या टपालाने जाऊ शकतो. पाकीट पाऊण इंचापेक्षा जाड नसावे आणि वाकवल्यास वाकले पाहिजे. आपण काळजीपोटी दोन्ही बाजूंना जाड पुठ्ठा घालतो, पाकीट ताठ होते आणि त्याला पार्सलचा दर लागतो. मी पातळ पुठ्ठा एकाच बाजूला घालतो. या मार्गात ट्रॅकिंग मिळत नाही, म्हणून महागड्या अंकासाठी तो टाळतो.

जुनेअंक:
दोघांचेही आभार. एक शेवटची शंका: एका ग्राहकाने छायाचित्रणाचे एक पुस्तक आणि दोन अंक मागवले आहेत. पुस्तक पात्र असल्यामुळे सगळे एकत्र मीडिया मेलने पाठवता येईल काय?

टपालवेडा:
नाही. एक अपात्र वस्तू आत गेली की सगळे पार्सल अपात्र ठरते. सोबत पावती ठेवण्यास हरकत नाही. पुस्तक वेगळे आणि अंक वेगळे असा खर्च आधी काढून पाहा. माझ्या अनुभवात दोन अंकांसाठी सगळे एकत्र ग्राउंड ॲडव्हांटेजने पाठवणेच बहुधा स्वस्त पडते.