ऊसतोडीला आलेल्या पोरांकडं बघवत नाही. नेमकं काय करू?

कराडची_सूनबाई
कराडजवळ आमचा तीन एकर ऊस आहे. या आठवड्यात तोड चालू आहे, टोळी बीडकडची. लग्नाला सहा वर्षं झाली, पण तोड चालू असताना फडावर गेले ते यंदाच. सासऱ्यांचा गुडघा धरलाय म्हणून.

सकाळी सातला चहाची किटली घेऊन गेले. माझ्या अंगात स्वेटर, वर शाल. बांधावर पाचटाच्या ढिगात आठ-नऊ वर्षांची पोरगी बसलेली, मांडीवर दीडेक वर्षाचा भाऊ. तिच्या हातांवर कोपरापर्यंत पाचटाचे ओरखडे, काही काळे पडलेले, काही ताजे. आईबाप पहाटे चारपासून फडात. दुपारी तांब्याभर दूध नेऊन दिलं. तिनं सगळं भावाला पाजलं, स्वतः घोटभरसुद्धा घेतलं नाही. संध्याकाळी तांब्या परत आला तो राखेनं घासून लखलखीत. वर म्हशीला वाढ्याची, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांची, एक पेंढी.

तेव्हापासून झोप नाही. माझा मुलगाही दीड वर्षाचाच आहे, त्याला भरवताना घास हातातच राहतो. नवरा म्हणतो, दरवर्षीचंच आहे. सासूबाई म्हणतात, बघायला जाऊ नकोस, म्हणजे त्रास नाही. ऊस आमचा, बिल आमच्या खात्यात, आणि मी तांब्याभर दूध देऊन दयाळू! जुने कपडे काढून ठेवलेत, पण न्यायला पाय उचलत नाही. कोणी काही केलंय का?

रोखठोक_७७
एवढं वाईट वाटतंय तर ऊस लावू नका. सोयाबीन लावा.

खडू_फळा
मी जि.प. शाळेत आहे. तिला जवळच्या शाळेत घेऊन जा. दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातच आहे ते. वयाप्रमाणे वर्ग मिळतो. गावाकडच्या शाळेनं शिक्षण हमी पत्रक (स्थलांतरित मुलांना दुसऱ्या शाळेत दाखवायला देतात ते) दिलंय का विचारा, नसलं तरी अडत नाही. भाऊ कडेवर असला तर असू दे, माझ्या वर्गात अशी दोन बाळं रांगून गेलीत. अंगणवाडीत लहानग्याचं नाव सांगा, लसी राहिल्यात का ते ताई बघतील.

फडातलं_पोर
ताई, मी त्याच झोळीतला. गाव बीड जिल्ह्यातच, आता पुण्यात नोकरी. एक सांगतो, आधी आईशी बोला, पोरीशी नाही. कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. बाळाला बघायला आई थांबली तर खाडा पडतो, तो पैसा उचलीत, म्हणजे हंगामाआधी घेतलेल्या आगाऊ रकमेत, चढतो. म्हणून पोरगी बांधावर असते, आईबापाला हौस नसते.

कपड्यांचं म्हणाल तर मला एकीनं स्वेटर दिला होता, इंग्रजी शाळेचा बिल्ला असलेला. हंगामभर पोरं मला 'साहेब' म्हणायची. पण सांगलीकडं एका म्हातारीनं आईला न्हाणीघर उघडं करून दिलं होतं, चुलीवर पाणी तापवून. कोप्यांवर, म्हणजे टोळीच्या झोपड्यांवर, बायकांना अंघोळीला आडोसा नसतो. आई अजून त्या म्हातारीचं नाव काढते.

आणि कृपा करून फोटो टाकू नका.

कराडची_सूनबाई
@रोखठोक_७७, घरात बोलून बघितलं. काय झालं ते विचारू नका.

@फडातलं_पोर, फोटो नाही काढले. परवा तिच्या आईला न्हाणीघर दाखवलं. आधी नको-नको म्हणाली, मग दोघी जावा येऊन केस धुऊन गेल्या. सासूबाई फुगल्यात, पण बंबात लाकडं त्यांनीच सारली.

काल पोरीला शाळेत नेलं. मास्तरांनी नाव विचारलं तर तिनं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, मुक्काम, पोस्ट, तालुका असं एका दमात सांगितलं. दुसरीपर्यंत शिकलीय. भाऊ खडू चघळत बसला होता.

आता अडचण अशी की आमचा फड परवा उरकतोय आणि टोळी उंब्रजच्या बाजूला जाणार. तिकडच्या शाळेत कोणी ओळखीचं आहे का? आणि टोळी आणणाऱ्या मुकादमाशी बोलायचं तर मी बोलू की नवऱ्याला पुढं करू?