आयस्कझी: पाथ ॲक्टिव्ह दिसतात, पण लोड आला की व्हीएम गोठतात

द्राक्षपट्टा_आयटी (कुपवाड, सांगली)

नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीतल्या एका कोल्ड स्टोरेजचं आयटी मी बघतो. बेदाणा आणि हळद, दोन्ही माल असतो. बेदाण्याची आवक भरात आहे आणि नेमकं आत्ताच हे झालंय, म्हणून सविस्तर लिहितोय.

सेटअप असा, सगळं आयस्कझीवर (नेटवर्कवरून डिस्क जोडायची पद्धत): दोन ईएसएक्सआय होस्ट (ज्यांवर व्हीएम, म्हणजे आभासी संगणक, चालतात ते सर्व्हर), एक एनएएस (नेटवर्कवरचा डिस्कसाठा), त्यावर एक लन (एनएएसनं होस्टला दिलेली डिस्क). स्टोरेजसाठी दोन वेगळे स्विच, सगळं एक गिगाबिटचं. ए बाजू १०.१०.१०.० मध्ये, बी बाजू १०.१०.२०.० मध्ये. होस्टवर व्हीएमके१ (व्हीएमके म्हणजे होस्टचा आभासी नेटवर्क पोर्ट) ए ला, व्हीएमके२ बी ला. पॉलिसी राउंड रॉबिन, म्हणजे दोन्ही पाथ (रस्ते) पाळीपाळीनं वापरायचे. दोन वर्षं एक तक्रार नव्हती.

मागच्या आठवड्यात वळीव झाला, जोराच्या विजा झाल्या, त्यात बी बाजूचा स्विच गेला. एएमसीवाले (देखभालीचा करार असलेले) दुसऱ्या दिवशी नवा बसवून गेले. लिंक लागली, दोन्ही पाथ ॲक्टिव्ह दिसले, त्यांनी सही घेतली आणि गेले.

तेव्हापासून सकाळी शांत असताना सगळं नीट चालतं. गेटवर टेम्पो लागले, आवक पावत्या सुरू झाल्या, की स्टॉकचा व्हीएम गोठतो. माउस हलतो, पण क्लिक केलेलं काही होत नाही. पंधरा-वीस सेकंद, कधी मिनिटभर. मग आपोआप सुटतो आणि परत अडकतो. होस्टच्या इव्हेंटमध्ये 'लॉस्ट ॲक्सेस टू व्हॉल्यूम' येतं, लगेच खाली 'ॲक्सेस रिस्टोअर्ड'. बी चा पाथ डेड होतो, परत ॲक्टिव्ह होतो, दिवसभर हेच.

सगळ्यात वाईट म्हणजे चेंबरचं तापमान नोंदवणारा लिनक्स व्हीएम काल रात्री रीड-ओन्ली झाला, म्हणजे डिस्कवर लिहिणंच बंद. रात्रभराची नोंद नाही. आमच्याकडे शेतकऱ्याचा वर्षभराचा माल असतो, त्या पावतीवर तो कर्ज उचलतो. उद्या मालाच्या रंगावरून कुणी विचारलं तर दाखवायला नोंद पाहिजे. त्यामुळे मला हे 'रीस्टार्ट मारा, बघू' असं सोडायचं नाही.

तपासलेलं: पिंग दोन्ही बाजूंनी चांगला. आयस्कझीचा ३२६० पोर्ट उघडा. आयक्यूएन (आयस्कझीतलं नाव) आणि चॅप (पासवर्डची तपासणी) बरोबर, नाहीतर लॉगिनच झालं नसतं. एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार, बाइटांत) होस्टवर ९०००, एनएएसवर ९०००. केबल बदलून पाहिल्या. आता कुठं बघू?

मिरज_सर्व्हररूम

एनएएसच्या डिस्क बघितल्या का? एखादी डिस्क मरायला लागली की असंच होतं, लिहिताना अडकतं आणि मग सुटतं. स्मार्ट रिपोर्ट (डिस्कची तब्येत) आणि लेटन्सी (उत्तराला लागणारा वेळ) टाका इथं.

कृष्णाकाठ

पोर्ट बाइंडिंग केलंय का? मल्टिपाथला दोन्ही व्हीएमके सॉफ्टवेअर ॲडॉप्टरला बाइंड करावे लागतात. मला वाटतं तेच राहिलंय.

अजिंक्यतारा_नेट (सातारा)

कृष्णाकाठ दादा, इथं बाइंडिंग नको. दोन्ही व्हीएमके आणि टार्गेटचे (म्हणजे एनएएसचे) सगळे पोर्ट एकाच सबनेटमध्ये असतील तेव्हा बाइंडिंग लागतं. यांचे सबनेट वेगळे आहेत. बाइंड केलं तर प्रत्येक व्हीएमके पोचता न येणाऱ्या पत्त्यावरही लॉगिन करत बसेल आणि रीस्कॅनला नुसता वेळ जाईल. डिस्कचीही शक्यता मला कमी वाटते. डिस्क खराब असती तर ए बाजूलाही त्रास झाला असता, आणि सुरुवात नेमकी स्विच बदलल्यापासून झाली नसती.

द्राक्षपट्टा, तुम्ही दोन्ही टोकांचा एमटीयू सांगितलात. मधला कुठाय? नव्या स्विचचा? बहुतेक स्विच डबा फोडल्यावर १५०० वरच असतात.

होस्टवर एसएसएच चालू करून व्हीएमकेपिंग द्या: आय ला व्हीएमके२, सोबत डी, आणि एस ला ८९७२, पुढं एनएएसचा बी बाजूचा आयपी. डी म्हणजे पॅकेटचे तुकडे करायचे नाहीत. ८९७२ अशासाठी की ९००० मधून २० बाइट आयपी हेडरचे आणि ८ आयसीएमपीचे (पिंगच्या हेडरचे) जातात. मग हेच १४७२ ला करा. साधा पिंग ५६ बाइटांचा असतो, तो कशातूनही जातो. तुमच्या 'पिंग चांगला' मधून काहीच सिद्ध होत नाही.

द्राक्षपट्टा_आयटी

सर, केलं. ए बाजूला ८९७२ जातो. बी बाजूला १४७२ जातो, ८९७२ ला शंभर टक्के लॉस. दोन्ही होस्टवरून हेच.

पण मग बी वर लॉगिन कसं होतं? आणि लन कसा दिसतो? हे समजून घ्यायचंय, नाहीतर पुढच्या वेळी परत अडकेन.

अजिंक्यतारा_नेट (सातारा)

हाच प्रश्न विचारायला हवा होता. नीट सांगतो.

लॉगिन, टार्गेटची यादी, लनची चौकशी, हे सगळं काहीशे बाइटांत उरकतं. ते १५०० च्या आत बसतं, म्हणून पाथ हिरवा. व्हीएमनं ६४ केबीचा ब्लॉक लिहायला काढला की टीसीपी त्याचे जवळपास ९००० बाइटांपर्यंतचे तुकडे पाडतं, कारण जोडणी होताना दोन्ही टोकांनी तेवढी तयारी एकमेकांना कळवलेली असते. मधल्या स्विचला त्यात कुणी विचारत नाही. राउटर असता तर 'पॅकेट मोठं आहे' असा निरोप परत आला असता. स्विच लेयर टू चा (फ्रेम नुसत्या पुढं ढकलणारा), तो मोठी फ्रेम मुकाट्यानं टाकून देतो. स्विचच्या पोर्टवर ओव्हरसाइज किंवा जायंट नावाचा काउंटर असेल तर बघा, वाढत असेल.

पुढं काय होतं बघा. हरवलेला तुकडा टीसीपी परत पाठवतं, तोही पडतो. एका टीसीपी जोडणीत मागचा डेटा पुढच्याला ओलांडून पोचवला जात नाही. अरुंद रस्त्यात उसाची ट्रॉली आडवी झाली की मागची सायकलसुद्धा अडकते, तसं. म्हणून त्याच सेशनमधल्या छोट्या कमांड, व्हीएमएफएसचा (लनवरच्या फाइलसिस्टमचा) हार्टबीट, सगळं मागं तुंबतं. ईएसएक्सआय दर १५ सेकंदांनी नोप-आउट ('आहेस का?' अशी चौकशी) पाठवतो आणि १० सेकंद उत्तराची वाट बघतो. उत्तर येत नाही, सेशन तोडतो, पाथ डेड. लगेच नवं लॉगिन, ते छोटं असल्यामुळे यशस्वी, पाथ परत ॲक्टिव्ह. राउंड रॉबिन मूळ सेटिंगला हजार आयओनंतर (वाचण्या-लिहिण्याच्या मागण्या) पाथ बदलतो, त्यामुळे सकाळी काम कमी असताना बी ची पाळी क्वचित येते. टेम्पो लागले की पाळी पटापट येते. तुम्ही सांगितलेलं प्रत्येक लक्षण यात बसतं.

आत्ता ताबडतोब: दोन्ही होस्टवर बी चा पाथ डिसेबल करा. ए वर सगळं चालेल, पावत्या सुरू राहतील. मग संध्याकाळी स्विचला हात लावा.

द्राक्षपट्टा_आयटी

बी बंद केला, दुपारपासून एकही अडथळा नाही. गेटवर लय गर्दी होती, सगळी निघाली. मनापासून धन्यवाद सर.

आता स्विचवर जंबो (१५०० पेक्षा मोठ्या फ्रेम) चालू करून ९००० भरलं, रीबूट केला. तरी ८९७२ जात नाही! आकडा कमी करत करत गेलो, ८९५४ जातो, ८९५५ जात नाही. स्विचच खराब आहे का?

अजिंक्यतारा_नेट (सातारा)

स्विच खणखणीत आहे, आणि तुम्ही आकडा शेवटच्या बाइटपर्यंत काढलात हे फार चांगलं केलंत. ८९५४ मध्ये २८ मिळवा, ८९८२. त्यात इथरनेट हेडरचे १४ आणि शेवटच्या चेकसमचे ४ मिळवा. बरोबर ९०००. म्हणजे तुमचा स्विच तो आकडा अख्ख्या फ्रेमचा धरतो. होस्टचा ९००० हा हेडर सोडून आतल्या पॅकेटचा असतो. व्हीलॅन टॅग (एकाच स्विचवर वेगळी नेटवर्क पाडणारी खूण) असेल तर अजून ४ बाइट लागतात. स्विच घेत असेल तेवढा मोठा आकडा टाका, बऱ्याच स्विचवर तो ९२१६ असतो. स्विचवर जास्त ठेवल्यानं काही बिघडत नाही. होस्ट आणि एनएएस ९००० लाच राहू द्या.

द्राक्षपट्टा_आयटी

९२१६ टाकलं. ८९७२ दोन्ही होस्टवरून गेला. बी एनेबल केला, रात्री जुन्या बॅकअपमधून एक मोठा व्हीएम रिस्टोअर करून मुद्दाम लोड दिला. एकही पाथ हलला नाही.

कृष्णाकाठ

चांगलं झालं. पण माझं प्रामाणिक मत सांगतो, एक गिगाबिटला जंबोचा एवढा फायदा नाही. सगळीकडे १५०० ठेवा, ही भानगडच राहत नाही. दोन होस्टसाठी कशाला एवढी जोखीम?

अजिंक्यतारा_नेट (सातारा)

यात तथ्य आहे. नवीन सेटअप असता तर मीही एक गिगाबिटला १५०० च म्हटलं असतं. दहा गिगाबिटला प्रोसेसरवरचा भार कमी होतो, तिथं जंबोला अर्थ आहे. पण ऐन सीझनमध्ये चालतं ते मोडू नये. आवक ओसरली की बदला. तोवर एक पळवाट लक्षात ठेवा: स्विच परत गेला आणि स्पेअरवर जंबो नसला, तर फक्त होस्टच्या त्या व्हीएमकेचा एमटीयू १५०० करून नवं सेशन करा. एनएएस ९००० ला राहिला तरी जोडणीच्या वेळी लहान आकडा ठरतो आणि काम चालतं.

मिरज_सर्व्हररूम

माझा डिस्कचा अंदाज चुकला, पण दोन गोष्टी जोडतो. त्या लिनक्स व्हीएमला नुसता रीबूट देऊ नका, फाइलसिस्टम चेक करून घ्या. विंडोजच्या सिस्टम लॉगमध्ये इव्हेंट १२९ शोधा, डिस्क रीसेट झाल्याच्या वेळा मिळतील. त्या वेळच्या पावत्या कागदाशी ताडून बघा. आणि व्हीएमवेअर टूल्स (व्हीएमच्या आत टाकायचं सॉफ्टवेअर) सगळीकडे आहे का बघा. त्यानं डिस्कचा टाइमआउट वाढतो, विंडोजला ६० सेकंद, लिनक्सला १८०. नाहीतर लिनक्सचा मूळ ३० असतो.

दुसरं, आपल्याकडं पावसाळ्यात लाईट किती वेळा जाते हे सांगायला नको. लाईट आल्यावर होस्ट एनएएसच्या आधी उठला की डेटास्टोअर (लनवरची व्हीएम ठेवायची जागा) गायब आणि व्हीएम 'इनॲक्सेसिबल'. रीस्कॅन मारला की येतो, पण रात्री मारणार कोण? होस्टच्या बायॉसमध्ये पॉवर परत आल्यावर उशिरा चालू होण्याची सोय असते, ती लावा. आधी स्विच, मग एनएएस, शेवटी होस्ट.

द्राक्षपट्टा_आयटी

दादा, तापमानाच्या व्हीएमवर टूल्स खरंच नव्हतं. आज टाकलं, फाइलसिस्टम चेकही केला. इव्हेंट १२९ च्या वेळांशी पावत्या ताडल्या, दोन पावत्या कागदावर आहेत पण सिस्टिममध्ये नाहीत. दोन्ही शेतकऱ्यांना फोन केला, उद्या त्यांच्यासमोर बॉक्स मोजून नोंद करतोय. होस्टला उशीर लावला. स्विचची कॉन्फिग सेव्ह करून त्याची एक प्रत काढून ठेवली, आणि एएमसीच्या सहीच्या कागदावर नवीन ओळ घातली: स्विच बदलला की दोन्ही होस्टवरून ८९७२ चा पिंग दाखवायचा, मगच सही.