फिल्म स्टडीजनंतर काय? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
माझी भाची कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात फिल्म स्टडीजमध्ये एम. ए. करतेय, शेवटचं वर्ष. घरी सगळ्यांना वाटतं, पोरगी आता डायरेक्टर होणार! पण हे पुण्याच्या एफटीआयआय या फिल्म संस्थेसारखं कॅमेरा-एडिटिंगचं शिक्षण नाही. इतिहास, सिद्धान्त, समीक्षा, संशोधन असा सगळा मामला. मुंबईत प्रॉडक्शन हाऊसमध्ये चौकशी केली तर पहिला प्रश्न, 'सॉफ्टवेअर कुठलं येतं?'

तिचा खरा ओढा जुन्या फिल्म्सच्या जतनाकडे आहे. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय २०२२ मध्ये एनएफडीसीत (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात) विलीन झालं. तेव्हापासून तिथे भरती कशी होते? कायम की कंत्राटी? मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनच्या कार्यशाळा कुणी केल्या आहेत का? त्यातून पुढे काम मिळतं का, की नुसतं प्रमाणपत्र?

दुसरा मार्ग प्राध्यापकीचा. तिने नेट (प्राध्यापकीसाठीची पात्रता परीक्षा) कुठल्या विषयातून द्यावी, मास कम्युनिकेशन की आणखी काही? आणि महाराष्ट्रात अशा जागा निघतात तरी का, की तासिका तत्त्वावरच दिवस काढायचे?

मराठी, बंगाली, इंग्रजी तिन्ही उत्तम असल्याने सबटायटलिंगचं मी सुचवलं. ओटीटीसाठी हे काम करणाऱ्यांनी दर मिनिटामागे काय मिळतं ते मोकळेपणाने सांगा, हवं तर मेसेज करा.

'एमबीए कर' हा सल्ला कृपया नको, तो तिच्या बाबांनी देऊन झालाय.